सही खरी, बारापैकी एक
किल्लीबाई तोंडाच्या भलत्याच घट्ट. कारखान्याने त्यांना नेमलं होतं ते त्यासाठीच. बॉयलरवाल्यांच्या यादीत बारा माणसं. धोका दिसला की यंत्रावर शेरा लिहायचा आणि आपलं कार्ड टेकवायचं. पडद्यावर एवढंच उमटे: 'सही खरी. बारापैकी एक.' कोण, ते साहेबांनाही कळत नसे, म्हणून तर माणसं खरं लिहीत. शेरा खोटा ठरला तरच सही उघडून नाव दाखवायचं, आणि ती किल्ली एकट्या बाईंकडे. सात वर्षांत त्यांनी ती लावली नव्हती. लोक चहा पाजून गोडगोड विचारत, "बघून सांगा ना, कोण तो?" बाई चहा पिऊन उठून जात.

मग तो शेरा यायला लागला. रोज सकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी. 'तीन नंबरचा वाल्व्ह वाफ अडवत नाही. आत माणूस पाठवू नका.'

शुक्रवारी तीन नंबरात साफसफाईला उतरणार होता बाईंचाच नवरा.

साहेब भडकले. "वाल्व्ह तपासलाय, कागद आहे माझ्याकडे. कुणीतरी कामचुकार आहे. उघडा सही."

कागदापुढे बाईंचा नाइलाज झाला. किल्ली लावली, नाव आलं. लंबू फिटर! गेल्या वर्षी त्याच बॉयलरात भाजून गेलेला. यादीतून त्याचं नाव काढायचं काम बाईंचंच, पण मेला हातच धजला नव्हता. आणि त्याचं कार्ड? खिशातल्या खिशात वितळलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तीनदा उघडलं. तिन्ही वेळा लंबूच.

साहेब आधी पांढरेफटक पडले, मग हसले. "म्हणजे लिहिणारा कुणी नाहीच. शेरा रद्द. उद्या माणूस उतरेल."

"अहो साहेब, पण..."

"जबाबदार कोण? जिवंत माणसाचं नाव द्या, थांबवतो."

बाईंनी कागद ओढला, तोच शेरा लिहिला आणि खाली आपलं नाव, आडनावासकट. "घ्या. खोटं निघालं तर मला काढा."

झक मारत वाल्व्ह खोलावा लागला. आतली चकती उभी चिरलेली. संध्याकाळी नवरा धडधाकट घरी आला, तेव्हा बाई त्याला धरून ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लंबूची मनोमन माफी मागितली आणि त्याचं नाव काढून टाकलं. यादीत उरले अकरा.

सोमवारी सहा वाजून दहा मिनिटांनी शेरा आला. 'एक नंबरजवळ कुणी थांबू नका.' खाली, 'सही खरी. बारापैकी एक.'

किल्लीला बाईंनी हातसुद्धा लावला नाही. फोन उचलला.

"एक नंबरवरून सगळे बाजूला व्हा. आत्ताच्या आत्ता."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतेय. माझं नाव लिहून घ्या."