लेकीचं रिव्हॉल्व्हर

चेन अर्ध्यावर येऊन अडकली. माझी मुलगी उजव्या हाताने पर्सच्या आतल्या खणाची चेन ओढत होती. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, म्हणून पर्स तिने कोपराने अंगाशी दाबून धरली होती. आमच्यापासून चार पावलांवर, बिल्डिंगच्या जिन्याच्या तोंडाशी, एक माणूस शर्टाच्या आतून कोयता काढत होता. पर्समध्ये रिव्हॉल्व्हर होतं. लायसनचं, गोळ्या भरलेलं. पण ते बाहेर येईना. चेनीत पिवळा दोरा गुंतला होता आणि तो दोरा मी बांधला होता.

हे आंबिवलीला झालं, भर दुपारी. दसऱ्याला दोन दिवस झाले होते आणि मुलीच्या साक्षीला चार दिवस उरले होते.

साक्ष जावयाच्या खुनाची. त्याची स्टेशनपलीकडे वडिलोपार्जित जागा होती. दोघांना ती हवी होती, हा सही देईना. एका संध्याकाळी दारातच त्याला मारलं. मुलगी मध्ये पडली, तिच्या हातावर वार बसला. जावई गेला, हिची दोन बोटं कायमची ताठ झाली. मारणाऱ्यांची तोंडं फक्त हिने पाहिली होती. पुढे त्यातला एक जामिनावर सुटला आणि हिच्या खिडकीखाली उभा राहून बिडी ओढायला लागला. बोलायचा काही नाही. उभा राहायचा, एवढंच.

मी कोलशेतचं घर बंद केलं आणि लेकीकडे राहायला आले. रडत बसायला नाही आले. तिला म्हटलं, "पोलीस दिवसरात्र दारात बसणार नाहीत. तू लायसन काढ."

ती म्हणाली, "आई, बंदूक म्हणजे काय सुरी आहे का, बाजारातून आणायला?"

"मी कुठे बाजारातून आण म्हणते? अर्ज कर."

अर्ज केला. चौकशी झाली, शेजारपाजाऱ्यांना विचारून झालं, डॉक्टरचा दाखला झाला, ट्रेनिंग झालं. ट्रेनिंगचे मास्तर फौजेतून निवृत्त झालेले होते. बोलणं करडं, पण शिकवणं चांगलं. मुलगी तिथून यायची ती कानात कापसाचे बोळे तसेच विसरून. जावई गेल्यापासून तिचं हेच चाललं होतं. दूध गॅसवर ठेवून विसरायची, छत्री विसरायची, पर्स दोनदा रिक्षात राहिली, दोन्हीदा रिक्षावाल्याने परत आणून दिली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

लायसन हातात आलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी सुरमई आणून तळली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ठाण्याला दुकानात गेलो. मी ठेवणीतली हिरवी नऊवारी नेसले होते. मुलगी म्हणाली, "आई, आपण लग्नाचा बस्ता बांधायला चाललोय का?" मी म्हटलं, "त्यापेक्षा मोठं काम आहे. बस्ता फसला तर साडी बदलता येते."

दुकान जुनं होतं. भिंतीवर लांब बंदुका साखळीने बांधलेल्या, काचेखाली लहान. मालक साठीचा, पांढऱ्या सदऱ्यातला. त्याने आमच्या मागे दरवाज्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब गाडी लावतायत का?"

"साहेब मेले," मी म्हटलं, "म्हणून तर आम्ही आलोय. तुम्ही दाखवा."

त्याने खुर्च्या पुढे केल्या. लायसन नीट वाचलं, दोनदा. मग काचेवर हिरवं कापड अंथरलं आणि त्यावर तीन वस्तू मांडल्या. प्रत्येक वस्तू आधी उघडून रिकामी असल्याचं दाखवायचा, मग ठेवायचा. मला ते आवडलं. मासे विकताना मीही गिऱ्हाइकाला आधी माशाचा कल्ला उघडून दाखवायचे.

पहिलं पिस्तूल. चपटं, काळं, देखणं. मालक म्हणाला, "पर्समध्ये फुगवटा दिसत नाही. हल्ली सगळ्यांना हेच पाहिजे." पण ते चालवायला आधी वरचा भाग डाव्या हाताने मागे ओढावा लागतो. मुलीने ओढून पाहिलं. बोटं घसरली. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरली. तिने हात पदराखाली घेतला. मी म्हटलं, "हे नको. उचला."

उरली दोन रिव्हॉल्व्हर, दोन्ही बत्तीस बोअरची. याला ओढाओढ नाही, एका हाताने काम होतं. एक नवीन धाटणीचं, हलकं. मालक म्हणाला, "हे खास लेडीजसाठी आहे." दुसरं जुन्या पोलादी धाटणीचं, हलक्याच्या दीडपट जड.

"मावशी, हलकंच घ्या," मालक म्हणाला. "माझा अनुभव सांगतो. जड हत्यार लोक हौसेने नेतात, पंधरा दिवस बाळगतात आणि मग ते कपाटात जातं. कपाटातल्या हत्याराचा उपयोग काय?"

मुलगीही म्हणाली, "हेच बरं आहे आई. खांदा दुखणार नाही."

मी म्हटलं, "दोन्ही माझ्या हातात द्या बघू."

"लायसन ताईंचं आहे. तुमच्या हातात नाही देता येणार मावशी. कायदा आहे."

"बरं. मग ते दाराचं पितळी कुलूप द्या. त्याला तर कायदा नाही ना?"

त्याने हसत कुलूप दिलं. ते साधारण त्या जड रिव्हॉल्व्हरच्या वजनाचं होतं. आता मला खरी मजा वाटायला लागली. अंगावर वस्तू लपवून फिरणं मला कोणी शिकवायची गरज नाही. पस्तीस वर्षं डोंबिवलीच्या बाजारात मासे विकले. कमरेला नोटा, टोपलीत फडक्याखाली कोयती. दारुडे, दादा, उधारीवाले, सगळे पाहिले. कोयती कधी कोणावर उचलली नाही, पण ती कुठे आहे हे माझ्या हाताला न बघता माहीत असायचं.

मी कुलूप कमरेला ओच्यात खोचलं आणि दुकानात चालून दाखवलं. तिसऱ्या पावलाला ते सुटलं आणि निऱ्यांतून घसरत पायाच्या अंगठ्यावर पडलं. मी शिवी दिली. मुलगी हसायला लागली. इतकी हसली की टेबल धरून उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा हसताना पाहिली. मालकही हसला, "मावशी, नऊवारीसाठी अजून कंपनीने काही काढलं नाही."

मग मुलीला पर्स खांद्याला लावून चालायला लावलं, आधी आत हलकं घालून, मग जड. बस, ऊठ, वाक, रिक्षात चढल्यासारखं कर. मालक म्हणाला, "हे काय कोळंबी आहे का, वजनावर घ्यायला?"

"कोळंबी घेताना तरी तुम्ही वजन बघता ना?" मी म्हटलं. "मी दोनच गोष्टी बघतेय. हलकं घालून ही चालली तेव्हा पर्सकडे हिचं लक्षच नव्हतं. जड घालून चालली तेव्हा हात आपसूक पट्ट्यावर गेला. हलकी पर्स ही तिसऱ्यांदा रिक्षात विसरेल. आणि त्या वेळी आत रिव्हॉल्व्हर असेल."

मुलगी म्हणाली, "आई खरं बोलतेय. आणि ट्रेनिंगला हलकं चालवलं तेव्हा हाताला फार झटका बसायचा. जडच द्या."

असं आमचं जड रिव्हॉल्व्हर ठरलं. त्याची नोंद झाली, पोलीस स्टेशनला दाखवून झालं. येताना मुलगी रिक्षात पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी पण अशी ताठ बसले होते की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

घरी मी पर्समध्ये आतून जाड कापडाचा खण शिवला, त्यातच ते बसायचं, दुसरं काही त्यात घालायचं नाही. खणाला चेन लावली. मुलगी रोज सकाळी रिकामं रिव्हॉल्व्हर खणातून काढायची, घालायची, पन्नास वेळा. मी समोर उभी राहून "हां, आता!" म्हणायचे. ती चिडायची, "आई, असं ओरडू नकोस, मास्तर पण इतके ओरडत नाहीत." पण हात पक्का झाला. वकिलांनी सांगितलं होतं, कोर्टात ते नेता येणार नाही, पण येता-जाता, घरी, जवळ ठेवा.

मग दसरा आला. चूक झाली ती इथे.

आमच्यात दसऱ्याला ज्या वस्तूवर पोट चालतं ती पुजतात. माझी विळी, कोयती, तराजू, हे मी मासे विकणं सोडलं तरी पुजते. पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, आणि प्रत्येक वस्तूला हळदीत भिजवलेला दोरा बांधायचा. तो दोरा पाच दिवस सोडायचा नाही. आजीने असंच केलं, आईने असंच केलं. मी म्हटलं, या वर्षी रिव्हॉल्व्हरही पाटावर बसेल. आता घर त्याच्यावर चाललंय.

मुलीने ते रिकामं करून पाटावर ठेवलं. मी मुठीला तीन वेढे देऊन दोरा बांधला, शेंडा लांब सोडला, कारण कापायचा नसतो. हळदकुंकवाचं बोटही लावलं.

संध्याकाळी ती दोरा सोडायला लागली. "मास्तरांनी सांगितलंय, त्याला काही लावायचं नाही, काही बांधायचं नाही."

"मास्तरांना सांग, त्यांच्या घरी नसेल बांधत. पाच दिवस राहू दे."

"अगं आई, अडकेल कुठेतरी."

"साक्ष तोंडावर आलीय आणि तू पूजेचा दोरा तोडतेस? तोड. मग मला सांगू नकोस."

तिने दोरा तसाच ठेवून गोळ्या भरल्या. मला वाईट वाटू नये म्हणून ठेवला. तिला कळत होतं, मला नाही कळलं. पन्नास वेळा काढायचा सराव मी बघितला होता, तरी मला कळलं नाही. सणाचे दिवस म्हणून तो सरावही त्या दोन दिवसांत झाला नाही.

तिसऱ्या दिवशी वकिलांकडून परत आलो. रिक्षा वळून गेली. मुलगी पुढे, मी दोन पावलं मागे. जिन्याशी तो उभा होता, खिडकीखाली बिडी ओढणारा. आज बिडी नव्हती.

मुलीचा हात बरोबर गेला. खणाची चेन अर्धी उघडली आणि दोऱ्याचा शेंडा चेनीच्या दातांत गेला. मला तो पिवळा शेंडा दिसला. तो माणूस कोयता बाहेर काढून म्हणाला, "साक्ष देतेस काय?"

मी बाजारात हाक मारायचे ती दोन गल्ल्या पलीकडे जायची. तोच आवाज लावला. "सोड ती चेन! अख्खी पर्स हाण!"

तिने ऐकलं. पट्टा उजव्या मुठीत धरला, पर्स मागे नेली आणि गोल फिरवून आणली. पोलादी रिव्हॉल्व्हर, घराच्या किल्ल्या आणि पाण्याची बाटली, सगळं मिळून त्याच्या कोपरावर बसलं. हाड वाजलेलं मी ऐकलं. कोयता खाली पडला. मी त्याच्यावर पाय देऊन उभी राहिले. तो माणूस कोयत्यासाठी वाकला तशी तिने दुसरा फटका त्याच्या कानावर दिला. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. तळमजल्याचे लोक बाहेर आले, त्यांनी त्याला धरून ठेवलं. एक बाई मला म्हणाली, "आजी, बसा, पाणी घ्या." मी म्हटलं, "कोयत्यावरून पाय काढला तर बसेन ना. आधी पोलीस येऊ देत."

पोलीस आले. त्यांनी विचारलं, "गोळी कुठे झाडली?"

"झाडली नाही."

"मग याला झालं काय?"

मुलीने पर्स पुढे केली. हवालदाराने ती उचलून तोलली आणि साहेबांकडे पाहिलं. चेन उघडायला त्यांना पक्कड लागली.

मास्तरांनी नंतर आम्हा दोघींना उभं करून झापलं. भरलेलं हत्यार असं आपटतात का, सुटलं असतं तर? दोरा कोणी बांधला? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "आजी, पूजा लायसनच्या कागदाची करा." बरोबर बोलले. पुढच्या दसऱ्याला मी कागदालाच हळदकुंकू लावलं. रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं नाही.

हल्ला झाला त्याच दिवशी, पोलीस गेल्यावर, दोरा मीच कात्रीने कापला होता. मुलगी पर्स उशाशी घेऊन झोपली.

चार दिवसांनी कोर्टात तिने साक्ष दिली. रिव्हॉल्व्हर घरी कपाटात होतं. तिच्या खांद्याला मोकळी पर्स होती आणि सवयीने हात तरी पट्ट्यावरच होता. दोघांकडे बोट करून तिने सांगितलं. आवाज एकदाही खाली गेला नाही. मी बाकावर बसून ऐकलं.

मुलगी जिवंत आहे. मी जिवंत आहे. तो माणूसही जिवंत आहे, तुरुंगात आहे, आणि त्याला एका कानाने कमी ऐकू येतं.