तिरका बिल्ला

मेश्रामकाका दर रविवारी सायकलला बिल्ला लावायचे आणि संध्याकाळच्या आत तो काढायचे. मनीषनगरच्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये हा कार्यक्रम मी कितीतरी महिने पाहिला. सायकल त्यांच्या वडिलांची. मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर काकांनी तिची फ्रेम खरवडून, काळा रंग देऊन ती पुन्हा उभी केली होती. राहिला होता फक्त हँडलखालच्या नळीवरचा पितळी बिल्ला, चिंचेनं घासून लखलखीत केलेला.

"बिल्ला लागला का थेट पारशिवनी," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पारशिवनीला त्यांची मोठी बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं. आता तिला अंथरुणातून उठवत नव्हतं आणि भावाला एकदा बापाच्या सायकलवरून येताना पाहायचं होतं.

काका स्क्रू आवळत, मागे सरून पाहत, समाधानानं मान हलवत. तेवढ्यात तळमजल्याच्या खिडकीतून काकूंची हाक येई, "अवो, कुठं गेले?"

"इथंच आहो वं," म्हणत काका पुन्हा पेचकस उचलत. मग माझ्याकडे बघून म्हणत, "तिरका बसला गा."

मी मुळात चिडका माणूस. एकदा पट्टी आणून मोजलं, तर बिल्ला अगदी सरळ. काका "तुले नाही समजत" एवढंच बोलले आणि त्यांनी तो काढलाच.

समजायला मला खरंच वेळ लागला. काकूंना विसरण्याचा आजार होता. काका नजरेआड झाले की त्या दारात येऊन रडत, दुसरं कोणी चालत नसे. बिल्ला लागला तर निघावं लागणार, आणि निघता तर येत नव्हतं. म्हणून तो तिरका.

शेवटी मी म्हणालो, "काका, मी बसतो काकूपाशी. तुम्ही जाऊन या."

काका बिल्ला लावून निघाले. रेल्वे फाटकापर्यंत पोचले असतील नसतील, परत हजर. काकू गाढ झोपल्या होत्या.

"मले आवाज दिला नाही तिनं?"

"नाही."

"मले तर ऐकू आला होता गा," काका म्हणाले आणि गुमान बिल्ला काढायला बसले.

त्या थंडीत काकू गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. काकांनी बिल्ला लावला, आणि या वेळी काढला नाही. पण सायकलही जागची हलली नाही.

"आता काहून थांबले, काका?"

"घरातून निघताना जातो नाही म्हणत गा. येतो म्हणा लागते. आता ते कोणाले म्हणू?"

"मले म्हणा ना," मी म्हणालो.

काकांनी फडक्यानं सीट पुसली, टांग टाकली. "येतो गा."

"या," मी म्हणालो.

बहिणीनं त्यांना ठेवून घेतलं आहे. फोन केला की म्हणतात, "येऊन राहिलो ना, दोन-चार दिवसांत." इकडे बायको माहेरी भंडाऱ्याला चला म्हणून माझ्या मागे लागली आहे. मी टाळतो आहे. या म्हटलंय, तर दारात कोणी असायला हवं.