बाभळीचा तुकडा

कॉलेजच्या लॅबमध्ये बेकलाइटचं कडक काळं प्लास्टिक जळाल्याचा वास आला, की मला बिबवेवाडीतली ती नर्सरी आठवते. वडील तिथे बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर चालवत आणि मधल्या वेळात माळीकाम करत. त्याच्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधला, वीज अडवणारा चिमुकला ठोकळा तुटला होता, आणि बुधवार पेठेतली सुट्या भागांची दुकानं पालथी घालूनही तसा मिळाला नव्हता. मालक म्हणाले, “उद्या भंगारवाला ट्रॅक्टर न्यायला येतोय. मग ड्रायव्हर काय फुलं मोजायला ठेवू?” वडील घाईने म्हणाले, “साहेब, पोरगं इंजिनिअरिंगला हाय, ते बनवील.” मी तोपर्यंत इंजिन फक्त वहीत काढलं होतं. जुन्या स्विचच्या बेकलाइटमधून मी ठोकळा घासायला घेतला. पहिला तडकला, दुसरा भोक पाडताना करपून फुटला, आणि स्विच संपला. शेजारी वडील उकिडवे बसले होते. त्यांनी कलमं करायचा चाकू काढला, बाभळीच्या वाळक्या लाकडातून नखाएवढा तुकडा कोरला, वीज अडावी म्हणून तेलात उकळला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी तो बसवला, वडिलांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली, आणि तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. “वा, इंजिनिअर!” मालक म्हणाले. “मग! पोरानंच केलं,” वडील म्हणाले. मी मान खाली घातली, पण नाही म्हणालो नाही. वडील अजूनही नर्सरीत येणाऱ्या प्रत्येकाला तो ट्रॅक्टर दाखवून माझं कौतुक सांगतात, आणि मी शेजारी उभा असलो तरी अजून गप्पच राहतो.