‘वावर’ नव्हे, ‘वावरात’

चौसष्ट साली मी पुण्याहून खामगावला आलो तेव्हा माझं नाक फार वर होतं. आपलं मराठी तेवढं शुद्ध, बाकी सगळं गावंढळ, अशी माझी पक्की समजूत. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. पुणं आणि वऱ्हाड एका राज्यात आली होती, पण एका भाषेत यायची अजून बाकी होती. आणि ते काम जणू माझ्यावरच सोपवलेलं आहे, असा माझा थाट होता.

नीळकंठरावांच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात मी खिळे जुळवत असे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं लावायचं, ओळ भरायची. हाताला वेग होता. जिभेला त्याहून जास्त. पहिल्याच आठवड्यात चहावाल्यानं विचारलं, “काऊन चिडून राह्यले, भाऊ?” तर मी त्याला ‘का’ आणि ‘काऊन’ यांतला फरक समजावून सांगत बसलो. चहा गार झाला. तो आपला हसत होता.

तर दर सोमवारी सकाळी छापखान्यात एक जोडपं यायचं. पंजाबराव मास्तर आणि त्यांची बायको कोकिळाबाई. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. बत्तिसाव्या वर्षी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आणि नोकरीही गेली. आता ते आमच्या साप्ताहिकात ‘प्रेक्षक’ या नावानं सिनेमांची परीक्षणं लिहीत. म्हणजे ते सांगत आणि मी लिहून घेत असे. गावात ‘प्रेक्षक’ वाचणारे खूप होते. तो आंधळा आहे हे फक्त आम्हा चौघांना ठाऊक होतं.

त्या दोन-तीन वर्षांत भुताच्या सिनेमांचा नुसता सुकाळ होता. हवेली, पांढरी साडी, मेणबत्ती, दूरवर गाणारी बाई. दर महिन्याला जलंबच्या गाडीनं सिनेमांच्या नव्या पेट्या यायच्या आणि मास्तर खुशीत यायचे. मी एकदा विचारलं, “मास्तर, भुताचेच सिनेमे का?”

“भुताच्या सिनेमात आंधळा अन् डोळस सारखेच असतेत, चिंतामण,” ते म्हणाले. “समोर काय उभं हाये, थे दोघांलेही दिसत नाई.”

आता कोकिळाबाईंचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

त्या उंद्रीच्या. शेतकऱ्याची लेक, शिक्षण तिसरी. टॉकीजमध्ये दोघं मागच्या रांगेत भिंतीला लागून बसत आणि कोकिळाबाई पडद्यावर जे दिसेल ते मास्तरांच्या कानात हळू आवाजात सांगत. सोपं वाटतं ना? करून बघा. पहिल्या सिनेमाच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, “अगाई! भेसूर बाई आली!” मास्तर भडकले. “भेसूर हाये का नाई, थे मी ठरवीन. तू केस कुठवर हायेत थे सांग.” त्या रुसल्या, घरी जाऊन भाकरी आपटल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी त्यांना ते पटलं. तेव्हापासून त्यांचा नियम झाला, दिसते थेच सांगाचं, वाटते थे नाई. मी एकदा मुद्दाम त्यांच्या शेजारी बसून ऐकलं. “बाई पायरीवर उभी हाये. पाय दिसत नाई. झाडं डावीकडं हालून राह्यले, पदर उजवीकडं उडून राह्यला.” बस. एवढंच. माझ्या अंगावर सरसरून काटा आला हो! पडद्याकडे मीही बघत होतो, पण पदर उलटा उडतोय हे मला दिसलंच नव्हतं.

लोकांना मात्र ती कुजबुज खपायची नाही. पुढच्या रांगेतला कोणीतरी वळून ओरडायचाच, “ओ बाई, चूप बसा न! आमाले डोळे हायेत!” कोकिळाबाई पदर तोंडाशी धरून आणखी हळू बोलत.

मग तो विहिरीचा सिनेमा आला आणि माझ्या शुद्ध मराठीनं घात केला.

त्या सोमवारी मास्तरांनी परीक्षण सांगितलं. शेवटचं वाक्य होतं, “शेवटी ती बाई वावरात उभी दिसते.” मी लिहून घेतलं. दुपारी जुळवायला बसलो आणि थबकलो. वावरात उभी? वावर म्हणजे असणं-नसणं, हिंडणं-फिरणं, भुताचा वावर. वावरात कोणी उभं कसं राहील? बोलण्याच्या भरात मास्तरांची चूक झाली असणार. सिनेमा मी पाहिलेला नव्हता, नीळकंठराव बुलडाण्याला कोर्टात गेले होते, विचारायला कोणी नव्हतं. आणि मला विचारायची गरजच काय? मी मोठा शहाणा! मी वाक्य सुधारलं. “शेवटी त्या बाईचा नुसता वावर जाणवतो.” वर ‘जाणवतो’ हा माझ्या पदरचा दागिना.

अंक निघाला आणि दुसऱ्या सोमवारी टॉकीजचे मालक वामनराव तो हातात नाचवत छापखान्यात शिरले. ‘प्रेक्षका’वर त्यांचा आधीपासून राग होता, कारण मास्तरांनी एकदा लिहिलं होतं की या सिनेमात भूत यायच्या आधी इतके ढोल-झांजा वाजतात की बिचाऱ्या भुताला अचानक येताच येत नाही. ते वाचून आलेले लोक भूत आलं की हसत होते म्हणे.

“नीळकंठराव, तुमचा हा प्रेक्षक सिनेमा पाह्यते का झोपते?” वामनराव गरजले. “म्हणे नुसता वावर जाणवतो! अरे, थे बाई चक्क ज्वारीच्या वावरात उभी हाये! अख्ख्या खामगावनं पाह्यली! वावरात!”

वावर म्हणजे शेत. आठ महिने मी त्या गावात राहत होतो आणि हे मला तेव्हा कळलं. माझे कान तापले. हातातला खिळा खाली पडला.

सोमवार म्हणून आलेल्या कोकिळाबाई बाकावरून उठून म्हणाल्या, “आमी तं वावरातच—” पण मास्तरांनी त्यांचा हात दाबला. त्या खाली बसल्या आणि त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून खिळा शोधू लागलो. सापडला तरी शोधत राहिलो.

“छापलं थे माह्यंच,” मास्तर शांतपणे म्हणाले. “मीच प्रेक्षक.”

वामनराव आ वासून बघत राहिले. त्यांनी मास्तरांच्या तोंडापुढे हात हलवून पाहिला. मग जे सुरू झालं ते विचारू नका. आंधळा माणूस सिनेमाची परीक्षा घेतो, ही गावाची फसवणूक आहे, हे सदर आजच्या आज बंद झालं पाहिजे! नीळकंठराव मवाळ माणूस. ते नुसते चष्मा पुसत होते. सदर बंद झालं असतं तर मास्तरांना उंद्रीला कोकिळाबाईंच्या भावाच्या ओसरीवर बसून दिवस मोजणं एवढंच काम उरलं असतं. भावाचे तसे निरोप येतच होते.

“ठीक हाये,” मास्तर म्हणाले. “येत्या रविवारी तीनचा खेळ. मी पाह्यतो. खेळ सुटल्यावर तुमी सगळ्यांसमोर दहा प्रश्न इचारा. एक जरी चुकला तं माह्यं सदर बंद. मी उंद्रीले जाईन.”

वामनरावांनी टाळी दिली. मास्तरांचा हात हवेत भलतीकडेच गेला, तो कोकिळाबाईंनी धरून नीट आणला.

त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज वाटायचं, नवी नोकरी आहे, उद्या सांगू. भित्रा होतो, दुसरं काय.

रविवारी टॉकीज तुडुंब. माणसं पायऱ्यांवर बसली होती. सिनेमा शुक्रवारीच लागलेला, कंदिलाचा. जुनी कोठी, कंदील घेऊन फिरणारा म्हातारा चौकीदार आणि माडीवर रडणारी बाई. वामनरावांनी तो दोनदा बघून दहा प्रश्न कागदावर उतरवले होते. कागद त्यांच्या खिशातून डोकावत होता. मी मास्तरांच्या मागे भिंतीला टेकून उभा होतो.

दिवे गेले. कोकिळाबाई सुरू झाल्या. आवाज जरा कापत होता, मग स्थिरावला. “म्हातारा जिना चढून राह्यला. कंदील उजव्या हातात. काच साबूत. दांडीले लाल चिंधी हाये.” मास्तर मान हलवत होते. मध्यंतर झालं. कोणीतरी मास्तरांना भजी दिली, त्यांनी घेतली नाहीत.

मध्यंतरानंतर त्यांनी सांगितलं, “काचेले वरतून खालपर्यंत तडा, म्हाताऱ्याच्या कपाळावर जखम, म्हातारा पडला थो उठला नाई.” अर्धा तास होत आला असेल. कोकिळाबाई बोलता बोलता अडखळल्या.

“काय झालं?” मास्तर.

“अजी... कंदिलाची काच साबूत हाये.”

“दुसरा कंदील असन.”

“नाई. थोच हाये. दांडीले लाल चिंधी हाये ना. मंघा तडकेल होती, आता साबूत हाये. अन् म्हाताऱ्याच्या कपाळावरची जखमही गेली.”

मास्तरांनी बोटांवर काही मोजलं. मला वाटलं, संपलं. बाईची नजर चुकली, ह्यांचा हिशेब चुकला, उद्या उंद्रीची गाडी. आणि मास्तर ताडकन उभे राहिले. वर्गात उभं राहून बोलायचा तो जुना खणखणीत आवाज अख्ख्या टॉकीजवर गेला.

“सिनेमा थांबवा! रीळ उलटं लागलं हाये! आधीचं मंग, अन् मंगचं आधी!”

शिट्ट्या, आरडाओरडा, हशा. “बसा खाली, मास्तर! भुताचा सिनेमा हाये, त्यात काय बी होते!” पण मास्तर बसेनात. दिवे लागले. वामनराव लाल होऊन वर मशीनच्या खोलीत गेले, जाताना म्हणत होते की आता ह्या आंधळ्याला दाखवतोच. मीही मागोमाग धावलो. मशीन चालवणारा सहदेव डब्यांपुढे उकिडवा बसला होता. एक डबा उचलून त्यानं आकडा वाचला, दुसरा उचलून वाचला, आणि डोक्याला हात लावला.

“मालक, आठच्या आधी नऊ लागला.”

“आज?”

सहदेवनं डबा खाली ठेवला. “शुक्रवारपासून.”

शुक्रवारपासून! सहा खेळ! हजारो डोळ्यांनी तो सिनेमा पाहिला, टाळ्या वाजवल्या, घरी जाऊन वाखाणला, आणि मेलेला चौकीदार कंदील घेऊन परत फिरतो याचं एकालाही काही वाटलं नाही. वामनराव स्वतः दोनदा पाहून बसले होते. त्यांनी खिशातून तो कागद काढला. मी खांद्यावरून वाचला. सातवा प्रश्न होता, ‘चौकीदार मरणानंतर परत का येतो?’ अरे बाबा, तो परत येतच नाही! तो तोवर मेलेलाच नाही!

वामनराव तापट होते, पण खोटे नव्हते. खाली येऊन पडद्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत कागद फाडला. “मास्तर बरोबर हायेत,” ते म्हणाले. “तीन दिवस आपण सगळे आंधळे होतो. मी सगळ्यात मोठा.” काय टाळ्या पडल्या हो! छपरावरची कबुतरं उडाली. पायऱ्यांवरची पोरं नाचायला लागली. मास्तर उभेच होते, चेहरा आवाजाच्या दिशेनं फिरवत, आणि रडत होते आणि हसत होते.

रिळं नीट लावून सिनेमा पुन्हा सुरू झाला. पुढच्या रांगेतला तोच ओरडणारा मागे वळला. “बाई, आता जरा जोरानं सांगा न. आमीही आयकतो.”

कोकिळाबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

“तुमाले डोळे हायेत ना?” त्या म्हणाल्या. “मंग पाहा.”

अख्खी टॉकीज खदखदून हसली, आणि तो सगळ्यांत जास्त.

सोमवारी दोघं छापखान्यात आली. मी मास्तरांना बसूही दिलं नाही. “ती चूक माझी,” म्हणालो. “वावर मीच बदललं. त्या दिवशी बोललो नाही. मला माफ करा.”

“आमाले मालूम हाये,” मास्तर म्हणाले. “शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं तवाच कळलं. मी वावरात म्हन्लं होतं, विसरीन काय?”

“मग वामनरावांना सांगितलं का नाही?”

“तुही नवी नोकरी होती बे.”

कोकिळाबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

मास्तरांनी कंदिलाच्या सिनेमाचं परीक्षण सांगितलं. मी शब्द न् शब्द तसाच उतरवला. ‘तडकेल’ला तडकेल, ‘साबूत’ला साबूत. शेवटी विचारलं, “खाली प्रेक्षक लिहू ना?”

“नाई,” मास्तर म्हणाले. “लिही. पाहणाऱ्या, कोकिळाबाई. ऐकणारे, पंजाबराव.”

“अजी, माह्यं नाव काऊन?” कोकिळाबाई एकदम लाजल्या. “अन् तेही पयलं?”

“पयलं कोन पाह्यते?”

मी ओळ जुळवली, तिचा ठसा काढला आणि ओला कागद त्यांच्या हातात दिला. तिसरीचं शिक्षण, बोट ठेवून एकेक अक्षर लावत त्यांनी आपलं नाव वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

त्या अंकात त्यांच्या नावाच्या खाली चार बोटं जागा उरली होती. नीळकंठरावांना न विचारता मी ती भरली. आयुष्यात विचारल्याविना केलेलं ते माझं दुसरं काम, आणि त्याबद्दल मला कोणी बोललं नाही. मोठे खिळे घेतले, वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू नयेत म्हणून.

‘चुकीची दुरुस्ती. विहिरीच्या सिनेमाच्या परीक्षणात “वावर” छापले ते “वावरात” असे वाचावे. बाईंनी बरोबर पाहिले होते, मास्तरांनी बरोबर सांगितले होते. दिसत नव्हते ते खिळे जुळवणाऱ्याला. चिंतामण.’