वर्षाराणीवरची करणी

मारुती गर्जे मूळचा बीडकडचा, आष्टी तालुक्यातला. वीस वर्षांपूर्वी बोईसरला आला, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर झाला आणि जवळच्याच पाम गावात दोन खोल्यांत बायकोमुलीसह स्थिरावला. माणूस सरळ, पण उपदेशाची भारी हौस. शेजाऱ्याचं दार करकरलं तरी तेल कसं घालावं ते सांगायला हा हजर. लेकीला, वर्षाराणीला, मात्र कधी काही सांगावं लागलं नव्हतं. पामच्या शाळेत आठवीपर्यंत तिचा पहिला नंबर ठरलेला, आणि तिची वही इतकी देखणी की गुरुजी ती पाहुण्यांना दाखवत.

नववीला ती बोईसरच्या हायस्कूलमध्ये गेली आणि दोन महिन्यांत सगळं फिसकटलं. वर्गात सत्तर मुलं, तासातासाला नवे शिक्षक, आणि प्रत्येकाला वाटे जगात आपलाच एक विषय आहे. पहिल्या चाचणीत गणितात वीसपैकी तीन पडले. घरी येऊन पोरीने शांतपणे सांगून टाकलं की दिवाळीनंतर ती शाळेत जाणार नाही, गावातच शिवणक्लास लावील. रडली असती तर समजूत घालता आली असती. ती रडलीच नाही.

मारुतीने बापाला सुचतं ते सगळं केलं. मोबाइल काढून घेतला, टीव्ही बंद केला, पोरीला पहाटे पाचला उठवलं. जेवताना, पाणी पिताना, चप्पल घालताना तिला अभ्यासाचं महत्त्व सांगितलं. पोरगी ऐकून घेई आणि वहीत मान घालून तीन-तीन तास बसे. गणिताच्या प्रतीक्षा बाईंनी वर्गात घेतलेल्या पुढच्या पेपरात दोन पडले.

गणपती उठल्यानंतरची गोष्ट. पहिली पाळी संपवून मारुती घरी आला तर बायको, अर्चना, दारातच उभी. तिने त्याला बाजूला ओढून हळूच सांगितलं की आता लपवण्यात अर्थ नाही, पोरीवर कुणीतरी करणी केली आहे. आणि हे आपल्या मनाचं नाही, पोरीनेच कबूल केलंय. करणीपासून सगळं बिघडलं म्हणते, तेव्हापासून डोकंच चालत नाही म्हणते. अर्चनाने नारळ आणि लिंबं आणून ठेवली होती. ज्यांच्यावर संशय घ्यावा अशा दोन बायकांची नावंही तिच्याकडे तयार होती.

मारुतीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण स्वतःच्या लेकराची गोष्ट आली की माणूस हलतो. घाबरतच तो आत गेला आणि करणी कधी झाली म्हणून विचारलं.

"जुलैत," वर्षाराणी म्हणाली. "मी आजारी होते ना, तवाच झाली. दुसऱ्या धड्यात हाय ती."

मग तिने गणिताची वही काढून दाखवली. संख्येचं मूळ काढायला जावं आणि ते नीट सुटतच नाही, अशा मुळाला गणितात करणी म्हणतात. अर्चना उठली आणि त्या लिंबांचं सरबत करायला लागली. दोन्ही बायका निर्दोष सुटल्या.

मारुती मात्र वहीकडे बघत राहिला. लाल शाईने 'वास्तव संख्या' असं धड्याचं सुरेख नाव घातलेलं, आणि पुढची अकरा पानं कोरी. त्यानंतरचं सगळं फळ्यावरून जसंच्या तसं उतरवलेलं, मोत्यासारख्या अक्षरात, आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलेलं नाही, कारण जे शिरायला हवं होतं ते त्या अकरा पानांत होतं. नंतर लिहू म्हणून सोडली, ती म्हणाली, मग बाईंना सांगायची लाज वाटली. आपली वही अपुरी आहे हे तिने आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं.

उपदेशासाठी उघडलेलं मारुतीचं तोंड तसंच राहिलं. त्याला स्वतःचं आठवलं, आणि जे त्याने अर्चनालाही कधी सांगितलं नव्हतं ते तो लेकीला सांगून बसला. कंपनीत दर तासाला रिअॅक्टरचं तापमान लॉगबुकात लिहायचं असतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्याच्याकडून अकराचं रीडिंग राहिलं, आणि त्याने अंदाजाने आकडा ठोकून दिला. शिफ्ट इनचार्जनी ते ओळखलं. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "छूट गया तो लिखो, छूट गया. अगला आदमी इसी पे भरोसा करेगा." त्या दिवशी मारुतीला डबा गेला नाही.

"मलाबी लई लाज वाटली होती, बाळा," तो म्हणाला. "तिथं पुढचा माणूस दुसरा कुणी होता. हितं पुढचा माणूस तूच हायेस."

वर्षाराणीने पेन उघडलं. मग पहिल्या कोऱ्या पानावर तिने लिहिलं, 'मी आजारी होते. हा धडा मला येत नाही.' अक्षर गिचमिड आलं.

दुसऱ्या दिवशी पाळीभर मारुतीचं लक्ष घड्याळात. घरी आल्यावर कळलं ते असं. वर्षाराणीने वही पुढे केली, प्रतीक्षा बाईंनी ते वाक्य वाचलं आणि आणखी कुणाला हा धडा येत नाही म्हणून वर्गाला विचारलं. आधी कुणीच नाही, मग चार हात, मग एकवीस. बाईंचाच चेहरा उतरला. उद्यापासून शाळेआधी अर्धा तास या म्हणाल्या, मी पुन्हा शिकवते.

मुलगी लवकर जाऊ लागली. वहीत खाडाखोड दिसू लागली, प्रश्नचिन्हं दिसू लागली, आणि मारुतीला ती वही आधीच्यापेक्षा आवडली. सहामाहीत चाळीसपैकी अठरा पडले. फार नव्हेत, पण तिने स्वतः सोडवून मिळवलेले.

दिवाळीची सुट्टी मात्र त्याने धास्तीत काढली. शिवणक्लासचं विचारावं तर ती हो म्हणेल ही भीती, न विचारावं तर चैन नाही. अर्चनाही विचारीना. शाळा उघडली त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती, म्हणून तो घरीच होता. वर्षाराणीने गणवेश घातला, वेणी घातली, डबा भरला. चप्पल सरकवताना तिने सहज विचारलं,

"पप्पा, दहावीला गणिताला प्रतीक्षा बाईच असतात, का बदलतात?"

मारुतीला ठाऊक नव्हतं. विचारून सांगतो म्हणाला. ती गेल्यावर तो आत आला, अर्चना तिथेच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं, तरी त्याने तिला पुन्हा सांगितलं, दहावीचं विचारत होती गं, दहावीचं.