मी सुभेदारांना पाडलं

प्राजक्ताच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या वडिलांना अंगणात पाडलं. ते सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, आणि माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान. त्यामुळे हे वाक्य मी कुणालाही सांगितलं, की ऐकणारा आधी पुन्हा सांगायला लावतो.

सुभेदार म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे, थोरले भाऊ. राहतात कडेगावजवळ, उसाच्या मळ्यात. नोकरीत असताना त्यांनी बरीच वर्षं नव्या जवानांना बिनहत्यारी लढाई शिकवली. पाय कसे रोवायचे, हात कुठे ठेवायचे, सगळं ठरलेलं. घरातसुद्धा ते चहाची कपबशी अशी धरतात, की कुणी हिसकावून घेऊ शकणार नाही.

आणि मी? डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून मी सकाळच्या स्वसंरक्षणाच्या वर्गाला जायला लागलो होतो. आमचे तिथले सर सांगायचे, की कुठलाही पवित्रा घ्यायचा नाही. पवित्रा घेतला की समोरच्याला आपला अंदाज येतो. आपल्याला आकारच नसावा. जसा हल्ला येईल तसं व्हायचं. मला हे फार पटलं. (पवित्रा घेताना माझे गुडघे दुखायचे, हेही खरं.) तीन आठवड्यांत माझं मत पक्कं झालं आणि ते मी गिऱ्हाइकांना डोळे तपासताना ऐकवायला लागलो. त्यांची हनुवटी यंत्रात अडकलेली असल्यामुळे कुणी वाद घातला नाही.

तेच मत मी कडेगावात चहाच्या वेळी काढलं. मांडव घालून झाला होता, सतरंज्यांच्या गुंडाळ्या अंगणात येऊन पडल्या होत्या. सुभेदारांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोझिशन पायजे, दाजी. पाय रोवलं न्हाईत तर मानूस म्हंजे नुसतं पोतं."

"पोतं पाडून दाखवणं सोपं नसतं," मी म्हणालो. इथे थांबायला हवं होतं. पण प्राजक्ता हसली, आणि मला वाटलं आपलं बोलणं रंगलंय. म्हणून मी पुढे असंही म्हणालो, की ठरलेल्या डावांची विद्या आता जुनी झाली.

सुभेदारांनी कपबशी खाली ठेवली. "उठा," म्हणाले.

मी गुडघ्यांचं कारण सांगितलं, जेवण झालंय म्हणालो, मांडवाचे खांब कच्चे दिसतात असंही म्हणून पाहिलं. सुनंदा ओसरीवरून आली आणि हळूच म्हणाली, "आवं, उद्या कार्य हाय. दादाला काय झालं तर सोयऱ्यांना काय सांगायचं?" मला काय होईल हे तिनं विचारलं नाही. मला मात्र दोन्ही काळज्या लागल्या. मी पडलो तर उद्या पाहुण्यांत लंगडत फिरावं लागणार. ते पडले तर मी सासुरवाडीला परत कधी यायचं? हरणं आणि जिंकणं सारखंच भीतीदायक असलेली ही माझी पहिलीच लढत.

सुभेदार अंगणात उभे राहिले. एक पाय पुढे, एक मागे, हात छातीशी. फोटो काढावा इतके छान. मी समोर आकाराशिवाय उभा राहिलो. प्राजक्ताने नंतर सांगितलं, की मी बस चुकल्यासारखा दिसत होतो.

त्यांनी माझी कॉलर आणि मनगट धरलं आणि मला पुढे ओढलं. आता मी मागे जोर लावणार, आणि त्याच जोरावर ते मला फेकणार, असा त्यांचा हिशोब. मी जोर लावलाच नाही. माझ्या गुडघ्यांतलं सगळं बळ गेलं आणि मी अख्खाच्या अख्खा त्यांच्या अंगावर कोसळलो. ते एक पाऊल मागे सरले, टाच सतरंजीच्या गुंडाळीला अडकली, आणि ते पाठीवर पडले. वर मी.

मी उठलो. ते उठले नाहीत.

आभाळाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "कंबार धरली. हलवू नका."  मागच्या दारी भांडी घासायचा आवाज थांबला.

बऱ्याच वेळानं त्यांना माझ्या गाडीत मागच्या सीटवर निजवलं. डोकं सुनंदाच्या मांडीवर. प्राजक्ता माझ्या शेजारी बसली. कराडच्या दवाखान्यापर्यंत जायचं, आणि रस्त्यात पुढे उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक. गाडीचा गिअर फार जड लागत होता. प्रत्येक वेळी टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटलं, पश्चात्ताप.

प्राजक्ता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मामा, पप्पांना उद्या उभं राहता नाही आलं, तर कार्य पुढं ढकलतील का हो?" (आत्याचा नवरा आमच्याकडे मामाच.) नवरा मुलगाही सैन्यात, सुट्टी मोजकी.  मी पुढच्या ट्रॉलीला हॉर्न वाजवला.

तेवढ्यात मागून सुभेदार बोलले. "दाजी, खरं सांगा. तुमी अंग सोडलंसा ते शिकल्यालं व्हतं, का भ्यालासा?"

आरशात सुनंदा माझ्याकडे बघत होती. शिकलेलं होतं म्हणालो असतो तर आमच्या सरांचं तत्त्वज्ञान त्या ट्रॉलीमागे कायमचं सिद्ध झालं असतं.

"भ्यालो," मी म्हणालो.

"मग बरं," सुभेदार समाधानानं म्हणाले. "नव्या भरतीत रंगरूट असायचं असलं एकदोन. त्यांच्याम्होरं उस्तादाचीबी पोझिशन चालायची न्हाई. शिकून ढिलं सोडनारा कवा घट्ट हुईल त्याचा नेम नसतो. भ्यालेला ढिलाच ऱ्हातो, आन् लय जड लागतो."

दवाखान्यात फोटो काढले. हाड शाबूत, नुसती उसण भरलेली. इंजेक्शन दिलं, कमरेला रुंद पट्टा बांधला, वाकू नका म्हणाले. सुभेदार भिंतीला धरून उभे राहिले तेव्हा प्राजक्ता रडली. मीही रडलो, पण डॉक्टर माझ्याकडे वेगळ्याच कारणानं बघत होते. त्यांनी विचारलं, की डावा हात असा पोटाशी का धरलाय. मी खाली पाहिलं. मनगट भाकरीसारखं फुगलं होतं. गिअरची काहीच चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा वेळेवर झाला. सुभेदार पट्ट्यामुळे खुर्चीत असे ताठ बसले होते, की सोयरे आपापसात कौतुक करत होते, निवृत्त झाले तरी काय शिस्त आहे बघा म्हणून. मी गळ्यात प्लास्टर घातलेला हात अडकवून पान-सुपारी वाटत होतो. शेवटी मुलाच्या चुलत्यांनी मला थांबवून, हाताला काय झालं विचारलं. मी त्यांच्यापुढे सुपारीचं तबक धरलं.

"दाजी माझ्यासंगं लढलं काल," सुभेदार म्हणाले. चुलते हसून म्हणाले, की मग एका हातावर निभावलं म्हणायचं.

"न्हाई," सुभेदार गंभीरपणे म्हणाले. "दाजींनी मला पाडलं."

सगळा मांडव हसला. सुभेदारांचा विनोद चांगला आहे, असं चुलते म्हणाले. सगळ्यात जास्त वेळ सुनंदा हसत होती, आणि ती तर आदल्या दिवशी अंगणात हजर होती.