कोरफड, किडा आणि कौशल्याबाईंचे गुडघे

नालवाडीचे प्रभाकरराव जीवशास्त्राचे मास्तर. निवृत्त झाले, पण परीक्षा घ्यायची खोड काही निवृत्त झाली नाही. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की यांची जीभ वळवळायची: फरक स्पष्ट करा! वांग्याची भाजी आणि भरीत, थोरला साडू आणि धाकटा साडू, कोणाचीही सुटका नव्हती.

एकाच प्रश्नाला ते हात लावत नसत. तो म्हणजे बायकोचे गुडघे. कौशल्याबाई दोन वर्षं भिंत धरून चालत होत्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. विषय निघाला की मास्तर म्हणत, "तू कोरफड हायेस. कोरफडीले काही होत नाई." आणि पेपरात तोंड खुपसत. वर्गात गुरगुरणाऱ्या या माणसाचे दवाखान्याच्या नुसत्या वासाने पाय फाटकातूनच मागे फिरायचे; पण तसं कबूल करतील तर मास्तर कसले!

त्या सकाळी त्यांनी अंगणातली कोरफडीची कुंडी सरकवली. खालच्या ओलीत राखाडी किडे. एकाला काडी लावताच त्याची गोळी झाली. मास्तर हरखले. सूनबाई प्रेरणा ऑफिसला निघाली होती, तिलाच धरलं.

"हा कीटक नाई बरं, खेकड्याच्या कुळातला. जमिनीवर राह्यते, पण ओल सुटली की मरते. अन् ही कोरफड? पाणी पानात साठवते, कोणाले मागत नाई. कर फरक स्पष्ट!"

प्रेरणाने घड्याळाकडे पाहिलं. उत्तर दारातून आलं. भिंत धरून उभ्या कौशल्याबाई म्हणाल्या, "मी सांगतो. कोरफड कापली तरी बोलत नाई, म्हणून ज्याले त्याले वाटते तिले दुखत नाई. अन् ह्या किड्याले नुसता हात लावा, तोंड पोटात घालून बसते. तुमच्यावानी."

मास्तरांनी खाकरून पाहिलं.

"सोमवारी ऑपरेशन हाये. मी अन् प्रेरणा तारीख घेऊन आलो."

मास्तरांच्या मनात आलं, ही त्या टेबलावरून उठलीच नाही तर? मग या घरात आपलं ऐकणार कोण? हे सगळं अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं ते भलतंच.

"अन् मग माह्या चहाचं कसं?"

प्रेरणा चिडून बोलणार, तोच कौशल्याबाईंनी तिचा हात दाबला. "राहू दे वं. भेले ते ऑपरेशनले." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "दवाखान्यात येजा. बोलता नाई आलं तरी चालते, नुसते बसजा."